दुखरा कोन

“वस्ताद, खांद्यामागचं फऱ्याचं हाड दाबून धरा. जोरात. ते हललं तर सगळं मोजमाप खोटं.”

“दाबलंय की. माझ्या हाताखालनं ह्येच्या बापाचंबी हाड हलायचं न्हाई.”

खुर्चीत पट्ट्यांनी आवळून बसवलेला आण्णाप्पा हसला. “बापाला कशाला मधी आणताय? त्यो बिचारा माझी कुस्ती बघायलाबी येत न्हाई.”

“हसू नकोस,” मी म्हणालो. “हसलास की काटा हलतो.”

“घ्या! हसायचंबी न्हाई. सर, तुमच्या कॉलेजातली पोरं जगत्यात तरी कशी हो?”

ती खुर्ची एका बंद पडलेल्या सलूनमधून आणलेली होती. तिच्या उजव्या बाजूला मी सायकलची रिम बसवली होती, रिमवर पांढऱ्या रंगानं अंश रंगवले होते. माणसाचा हात त्या रिमला बांधायचा, रिम फिरवायची, आणि कोणत्या कोनात खांदा किती जोर देतो ते रिमला जोडलेल्या तराजूच्या काट्यावर वाचायचं. एवढंच यंत्र. कृष्णाकाठच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तेव्हा यंत्रशास्त्र शिकवत होतो. वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे. मिरजेचे हाडांचे डॉक्टर कानविंदे यांना खांद्याची ताकद आकड्यांत हवी होती आणि कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. त्या यंत्रावर मी कॉलेजातले शिपाई मोजले, विद्यार्थी मोजले, स्वतःला मोजलं. सगळ्यांत दुबळा खांदा माझाच निघाला.

आण्णाप्पा मगदूमला डॉक्टरांनीच पाठवलं होतं. आदल्या वर्षी कुस्तीत त्याचा उजवा खांदा निखळला होता. एका हाडवैद्यानं तो बसवला, पण डॉक्टरांच्या मते तो नुसता बसला होता, धरला नव्हता. ऑपरेशन करून घे, असं त्यांनी सांगितलं. जत्रेचं मैदान झाल्यावर बघू, असं आण्णाप्पा म्हणाला. मग निदान खांदा कितपत गेला आहे ते तरी मोजून घे, म्हणून तो माझ्याकडे आला होता. सोबत त्याचे ज्ञानू वस्ताद. कान चुरगळलेले, केस पिकलेले, मान अजून खांबासारखी.

हात खाली असताना, हात पुढे असताना आण्णाप्पाचा जोर असा की काटा शेवटाला जाऊन आदळत होता. मग मी त्याचा हात बाजूला, खांद्याच्या उंचीला आणला. कोपर काटकोनात वाकवलं आणि पंजा हळूहळू मागे वळवत नेला. थोडा वेळ काटा वर चढला. मग एका ठिकाणी एकदम खाली पडला.

आण्णाप्पाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण वस्तादांचा तळवा त्याच्या फऱ्यावर होता.

“काय सरकलं रं?”

“कुठं काय?”

“माझ्या हाताखाली सरकलं. मास्तर, परत एकदा.”

मी पुन्हा मोजलं. पुन्हा त्याच कोनात काटा पडला. मी पट्ट्या सोडल्या आणि आण्णाप्पाला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर ठेवायचं काम आजूबाजूचे स्नायुबंध करतात. आण्णाप्पाच्या खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायुबंध फाटलेले होते. बाकी सगळीकडे तो मी मोजलेल्या कुठल्याही माणसापेक्षा ताकदवान होता. पण त्या एका कोनात हात नेऊन कुणी मागे रेटला, तर चेंडू बशीतून बाहेर येणार.

“पुन्हा निखळला, तर उरलंसुरलं फाटेल. मग आठवड्याभरात ऑपरेशन व्हायला पाहिजे. उशीर केला तर त्यांच्याही हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत.”

“तिथं कोण कशाला नेतोय? मी हात अंगाला चिकटवूनच लढतो.”

“हे मैदान नाही लढलास तर?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी काहीतरी वेडंवाकडं बोललो, असं मला वाटलं. वस्ताद म्हणाले, “मास्तर, जोड लागलीया. शंकर भोकरेसंगं. भित्तीभित्तीवर कागद लागल्यात. आमच्या तालमीत आता ह्यो एकच गडी उरलाय. ह्यो उतरला न्हाई, तर उद्या आखाड्यात शेळ्या बांधायच्या.”

आण्णाप्पा अंगरखा घालून बाहेर नळावर गेला. वस्ताद मात्र थांबले. रिमवरचे आकडे त्यांनी बोटानं चाचपून पाहिले.

“ह्ये मला कळत न्हाई. माझ्या हातावर दाखवा.”

ते खुर्चीत बसले. त्यांचं मनगट माझ्या मुठीत मावेना. मी कोपर वाकवलं, पंजा मागे नेला, खांद्याच्या मागून अंगठा कुठे टेकला तर जोर नेमका सांध्यावर येतो ते दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“परत.”

मी परत दाखवलं.

“हां. हितं.”

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याला माझं शिकवणं असं समजलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी तराजू पुसत राहिलो.

“उद्या माझ्यासंगं येता?” वस्ताद म्हणाले.

“कुठे?”

“आबाकडं. भोकरेच्या वस्तादाकडं. त्येला सांगायला पायजे.”

माझी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. “प्रतिस्पर्ध्याला?”

“मास्तर, दुखरं अंग सांगत्यात. माझे वस्ताद सांगायचे, त्यांचे वस्ताद सांगायचे. सांगितलेल्या अंगाला म्होरचा गडी हात लावत न्हाई. तेवढा एक डाव सोडायचा. बाकी डाव थोडं हायत व्हय कुस्तीत?”

“आणि लावला तर?”

“कोण लावंल?”

तो प्रश्न नव्हता.

“पण मी कशाला?”

“आजवर मी ‘उजवा खांदा दुखतोय’ एवढंच सांगायचो. मग त्यो गडी समदा उजवा हातच सोडून द्यायचा. कुस्ती मिळमिळीत. ह्येला काय कुस्ती म्हणायचं? तुम्ही नेमकी जागा काढलीया. तेवढी सोडली की बास. बाकी झोंबू द्या की जीव खाऊन.” दाराकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. “आण्ण्याला बोलू नका. म्होरचा आपलं अंग सोडून लढतोय, असं पैलवानाला कळलं की जिंकून गोड लागत न्हाई.”

मी हो म्हणालो. नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही, पण त्या दिवशी मला नाही म्हणायचंही नव्हतं. माझं मोजमाप कुणाच्या तरी कामाला येत होतं.

आबा वस्तादांची तालीम नदीपलीकडे होती. आम्ही एसटीनं गेलो. तालीम मोठी, आखाड्यातली माती लोण्यासारखी मऊ, भिंतीला रांगेनं मुद्गल टेकवलेले. आबांनी ज्ञानू वस्तादांना मिठी मारली, मला बसायला पाट दिला, दूध मागवलं. माणूस अतिशय अदबीचा. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी स्वतःचा हात माझ्यापुढे केला.

“दाखवा मास्तर. म्हंजी आमच्याकडनं चूक नको.”

मी दाखवलं. तेवढ्यात चौकटीला टेकून एक तरणा पैलवान उभा असलेला दिसला. खांद्यावर पंचा, अंगाला माती.

“शंकर, हिकडं ये. बघून ठेव. ही जागा सोडायची.”

शंकर भोकरे पुढे आला, माझ्या पाया पडला आणि गुडघे टेकून बारकाईनं पाहू लागला.

“पंजा मागं कुठवर गेला की सुटतंय, सर?”

मला त्याचा प्रश्न आवडला. समजून घेणाऱ्या माणसाचा प्रश्न होता. मी त्याचाच हात घेऊन त्याला तो कोन दाखवला, थोडं अलीकडे काही होत नाही हेही दाखवलं. त्यानं मान हलवली. आबांनी आखाड्यातली चिमूटभर माती घेऊन ज्ञानू वस्तादांच्या तळव्यावर ठेवली. “त्यो खांदा आता माझ्या पोराचा,” ते म्हणाले. वस्तादांनी माती कपाळाला लावली.

परत येताना एसटीत ज्ञानू वस्ताद फार खुशीत होते. त्यांनी मला शेंगा घेऊन दिल्या आणि स्वतःच्या जुन्या कुस्त्या सांगितल्या. इतका वेळ कुणी माझ्याशी आपणहून बोलल्याचं मला आठवत नाही.

मैदानाच्या दिवशी मी वस्तादांच्या शेजारी, कुस्तीच्या हौद्याच्या अगदी कडेला बसलो होतो. कुस्ती पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. हलग्यांचा कडकडाट असा की छातीत धडधडत होतं. आण्णाप्पा आणि भोकरे हाताला माती लावून भिडले. भोकरेनं मान ओढून पाहिली, पायात पाय घालून पाहिला. आण्णाप्पा ढळला नाही. उजव्या हाताकडे भोकरे फिरकलाही नाही. वस्तादांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

“बघा! शब्द म्हंजी शब्द.”

मग आण्णाप्पानं पायांना धरून, पट काढून त्याला खाली घेतला. लोक उठून उभे राहिले, फेटे उडू लागले. भोकरे पोटावर पडला होता, आण्णाप्पा त्याला पलटवायला पाहत होता. आता चीत होणार, असं मलाही कळत होतं. त्याच वेळी भोकरे मासळीसारखा फिरला आणि त्यानं आण्णाप्पाचं उजवं मनगट पकडलं.

आधी मला वाटलं, मी चुकीचं पाहतोय. हात बाजूला गेला होता. कोपर काटकोनात वाकलं होतं. भोकरेचा दुसरा हात खांद्यामागे गेला आणि अंगठा मी दाखवला होता तिथेच टेकला. मग पंजा मागे जाऊ लागला. घाई नव्हती. थोडं अलीकडे काही होत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो तिथे थांबला नाही.

आवाज हलग्यांत बुडाला. आण्णाप्पाचं तोंड उघडलेलं तेवढं दिसलं. मग तो पाठीवर पडला आणि लोकांनी भोकरेला उचललं. समोरच्या कडेला आबा वस्ताद ताठ उभे होते. त्यांनी आमच्या बाजूला पाहिलं नाही. ज्ञानू वस्ताद जागचे उठले नाहीत. माझ्या मांडीवर त्यांचा हात तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजेला दवाखान्यात गेलो. डॉक्टर कानविंदे व्हरांड्यातच भेटले. ऑपरेशन लगेच करायला हवं, पोराला तयार करा, म्हणाले. खांदा उघडून शिवणारा दुसरा डॉक्टर त्या काळी आमच्या भागात नव्हता.

खाटेभोवती गावातली दोन-चार माणसं होती. वस्ताद पायथ्याशी स्टुलावर बसले होते. आण्णाप्पाचा हात छातीशी बांधला होता आणि तो छताकडे पाहत होता.

“सर,” माझ्याकडे न वळता तो म्हणाला, “त्येला नेमकी जागा कशी कळली? मलाच ठाव न्हवती, तुमच्या खुर्चीत बसूस्तवर.”

मी वस्तादांकडे पाहिलं.

“वस्ताद? कशी कळली?”

वस्ताद फरशीकडे पाहत होते. मग ते म्हणाले, “मास्तर गेल्ते तिकडं. आबाच्या तालमीत. शंकऱ्याच्या हातावर दाखवून आले.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढचं वाक्य ते बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते बोलले नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या चुरगळलेल्या कानांच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मी जे पाहिलं त्याला भीती म्हणायची की विनवणी, हे मला ठरवता आलेलं नाही.

खाटेजवळचा एक माणूस म्हणाला, “किती घेतलं हो, मास्तर?”

मी तोंड उघडलं. पोराचा खांदा गेलाच आहे, आता वस्तादही त्याच्यापासून तोडायचे का, असा विचार माझ्या मनात आला. निदान आला होता, असं मी इतकी वर्षं समजत आलो आहे. चार माणसांत बोलताना माझी जीभ नेहमीच टाळ्याला चिकटते, तेवढंच झालं असेल, हेही शक्य आहे.

“जावा, सर,” आण्णाप्पा म्हणाला.

मी गेलो. ऑपरेशनची गोष्ट डॉक्टरांनी काढली, तेव्हा आण्णाप्पानं विचारलं, “तुम्ही त्या मास्तरांचे न्हवं?” आणि त्याच संध्याकाळी तो हात बांधून गावी निघून गेला.

मी त्यांच्या तालमीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत घेतलं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली, ती तशीच परत आली. आठवडा संपत आला तेव्हा वस्ताद मला बाजाराच्या रस्त्यात दिसले. मी त्यांना हाक मारली. आयुष्यात कुणाला रस्त्यात मोठ्यानं हाक मारल्याचा माझा तो एकच प्रसंग.

“वस्ताद, त्याला घेऊन या. हात जाईल त्याचा.”

“तुमचं नाव काढलं की उठून जातोय. मी काय करू?”

“एक वाक्य सांगा. तुम्हीच मला घेऊन गेला होता, एवढंच. तो लगेच येईल.”

वस्तादांच्या हातात भाजीची पिशवी होती. ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

“त्यो डाक्टरकडं जाईल, मास्तर,” ते म्हणाले. “पर मग माझ्याजवळ ऱ्हाईल का?”

ते वाट पाहत थांबले होते, जणू मी हो म्हणालो असतो तर ते गेलेही असते आण्णाप्पाकडे. मी गप्प राहिलो आणि ते गर्दीत निघून गेले.

मुदत टळली. पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत विदर्भात राहिलो. खांदा पुन्हा कुणाचा मोजला नाही.

निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला त्या गावी जाणं झालं. तिथेच कळलं, ज्ञानू वस्ताद मागच्या उन्हाळ्यात गेले. तालीम अजून चालू आहे, आण्णाप्पा चालवतो. अक्षता पडल्यावर जेवणासाठी न थांबता मी तिकडे निघालो. वाटेत दोनदा परत फिरलो. पण एक वाक्य मी फार वर्षं तयार करून ठेवलं होतं, आणि आता ते ऐकून दुखावणारं कुणी उरलं नव्हतं.

आखाड्यात पाच-सहा जोड्या लागल्या होत्या. कडेला बसून आण्णाप्पा डाव्या हातानं खुणा करत ओरडत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणीतरी आणून ठेवावा तसा.

“या, सर,” तो म्हणाला. मी कोण ते सांगायच्या आतच. “वळखलं की. क्यास गेलं तुमचं, पर चाल तीच. भिताडाला धरून.”

त्यानं सतरंजी टाकायला लावली, चहा सांगितला. कुठे असता, मुलं काय करतात, असं विचारलं. मी म्हणालो, “वस्ताद गेल्याचं आज कळलं.”

“माझ्या मांडीवर गेले. लई त्रास न्हाई झाला.”

“आण्णाप्पा, एक सांगायचं राहिलंय. त्या वेळी मी आबांच्या तालमीत—”

“वस्ताद तुम्हाला घेऊन गेल्ते. ठाव हाय.”

आखाड्यात कुणीतरी पडलं, तिकडे पाहून त्यानं एक शिवी दिली आणि परत माझ्याकडे वळला.

“कधी कळलं?”

“कळायचं काय त्यात? दुखरं अंग सांगायला वस्ताद जायाचेच. दर मैदानाआधी. समद्या पैलवानांना ठाव असतंय, सर. ठाव न्हाई असं दावायचं असतंय, एवढंच.”

“म्हणजे तू लढलास तेव्हाही...”

“व्हय. वस्तादांनी शब्द घेतलेला. त्या शब्दाचा भरवसा न्हाई म्हणून उतरायचं न्हाई, असं कोण म्हनंल?”

“मग दवाखान्यात मला जा का म्हणालास?”

त्यानं सतरंजीवरची माती डाव्या हातानं झटकली.

“वस्तादांनी तुमचं नाव घेतलं. चार माणसांत त्यांना खोटं पाडू व्हय?”

“ठीक आहे. पण ऑपरेशन? डॉक्टरांनी काय केलं होतं?”

“तुमच्यावर राग नसल्यागत तुमच्या डाक्टरकडं आलो असतो, तर वस्तादांना कळलं असतं की ह्येला समदं ठाव हाय. मग त्यांनी माझ्यासंगं दिवस कसं काढलं असतं? रोज सकाळी माझ्याम्होरं तोंड कसं दावलं असतं?”

“हात गेला तुझा, आण्णाप्पा.”

“गेला,” तो म्हणाला.

चहा आला. आम्ही प्यायलो. ते वाक्य माझ्याजवळ तसंच उरलं होतं, आणि ते त्याला कधीच नको होतं. माझं गप्प राहणं, वस्तादांचं गप्प राहणं आणि त्याचं गप्प राहणं, तिन्ही एकाच म्हाताऱ्याची लाज राखायला होती. आम्हा तिघांतल्या कुणीही एकानं तोंड उघडलं असतं तर तो हात आज वर गेला असता.

“तुमच्यावर ढकलायला सोपं होतं, सर,” तो म्हणाला. त्यात माफी नव्हती आणि कडवटपणाही नव्हता. “तुम्ही बाहेरचं. शिकलेलं. आज ना उद्या बदली हुईल, जाल, इसरूनबी जाल. आमचं तसं न्हवतं. आमाला हितंच ऱ्हायाचं होतं.” मग त्यानं विचारलं, “इसरला असाल न्हवं?”

“हो,” मी म्हणालो. “विसरलोच होतो.”

“मग बरं झालं,” आण्णाप्पा म्हणाला, आणि पोरांकडे वळला.